सूर्यप्रकाश थोपवण्याचं संशोधन करावं का? मान्सूनच्या बाजूनं एक उत्तर

तुमचा प्रश्न असा: वातावरणशास्त्रात एम.एस्सी. संपत आलं आहे, पीएच.डी.साठी सौर भू-अभियांत्रिकी, म्हणजे सोलर जिओइंजिनिअरिंग, हा विषय डोक्यात आहे. पण विभागातले काही जण म्हणतात की या विषयाला हात लावणं म्हणजेच त्याला मान्यता देणं. तर हे तंत्र खरंच चालतं का, आपल्या मान्सूनचं त्यात काय होईल, आणि त्यावर संशोधन करावं की नाही?

मी मान्सूनच्या संगणकी मॉडेलांवर काम करणारा माणूस आहे. या विषयाकडे आलो तोही त्याच वाटेनं. त्यामुळे उत्तर त्या बाजूला झुकलेलं असेल, हे धरून चाला.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण व्याख्यानानंतर हमखास हाच प्रश्न येतो. मराठवाड्यात २०१५ मध्ये विमानं उडवून केलेला कृत्रिम पाऊस किंवा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापुरात केलेला कॅपीक्स प्रयोग यांचा या विषयाशी संबंध नाही. तिथे एखाद्या ढगात मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडून त्याच ढगातून थोडा जास्त पाऊस मिळतो का, एवढंच पाहिलं जातं. परिणाम काही तासांत आणि शे-दीडशे चौरस किलोमीटरांत संपतो. सौर भू-अभियांत्रिकीत अख्ख्या पृथ्वीवर येणाऱ्या सूर्यप्रकाशातला एखादा टक्का परत पाठवायचा असतो. त्याच्या दोन पद्धतींची चर्चा जास्त होते. एक म्हणजे स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या हवेच्या थरात, सल्फर डायऑक्साइड सोडणं, दुसरी म्हणजे समुद्रावरच्या खालच्या ढगांत खाऱ्या पाण्याचा बारीक फवारा मारून ते जास्त पांढरे करणं. मी मुख्यतः पहिलीबद्दल बोलणार आहे, कारण मान्सूनला खरा धोका तिच्यातून आहे.

चालतं का? तापमान उतरतं, यात वाद नाही. आणि हा पुरावा आम्हा मॉडेलवाल्यांचा नाही, फिलिपिन्समधल्या एका ज्वालामुखीचा आहे. जून १९९१ मध्ये माउंट पिनाटुबो फुटला तेव्हा दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये गेला. तिथे त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब झाले, ते जगभर पसरून ऊन परत पाठवू लागले आणि १९९२ मध्ये पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशानं खाली आलं. खालच्या हवेत असे कण आठवड्याभरात पावसाबरोबर धुऊन जातात. वर २० किलोमीटरवर धुवायला पाऊसच नसतो, म्हणून ते वर्ष-दोन वर्षं तग धरतात. रशियन हवामानशास्त्रज्ञ मिखाइल बुडिको यांनी १९७० च्या दशकातच हे विमानांनी करता येईल असं सुचवलं होतं. पण विषय चारचौघांत बोलण्याजोगा झाला तो २००६ मध्ये, ओझोनच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळवलेल्या पॉल क्रुटझन यांनी त्यावर लेख लिहिला तेव्हापासून. क्रुटझन यांना हे हवं होतं असं नाही. उत्सर्जन कमी करण्याच्या बाबतीत जगाची ढिलाई पाहून ते वैतागले होते.

खर्च? एवढं ओझं घेऊन २० किलोमीटर उंचीवर जाणारी विमानं आज नाहीत, ती नव्यानं बांधावी लागतील. ते धरूनही २०१८ च्या एका अभ्यासात पहिल्या १५ वर्षांसाठी सरासरी वार्षिक खर्च सव्वादोन अब्ज डॉलर निघाला. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या पुढे होता. त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी पैशांत पृथ्वीचं ऊन कमी करता येईल, असा याचा अर्थ. मला भीती वाटते ती याच स्वस्ताईची. हे करायला महासत्ता असण्याची गरज नाही. मध्यम आकाराचा, चिडलेला किंवा घाबरलेला एखादा देशही ते करू शकतो.

आता हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो आहे तिथेच राहतो, वाढतही राहतो. समुद्र आम्लधर्मी होत जातो, प्रवाळ मरत राहतात. फवारणी म्हणजे कर्जाचं नुसतं व्याज भरणं झालं. मुद्दल वाढतच जातं, आणि ज्या वर्षी हप्ता चुकेल त्या वर्षी सगळी थकबाकी एकदम अंगावर येते. दोन-चार दशकं हा कणांचा पडदा धरला आणि युद्धामुळे किंवा पैशांअभावी तो अचानक काढावा लागला, तर दाबून ठेवलेली तापमानवाढ दहा-वीस वर्षांत बाहेर येईल. एवढ्या वेगाशी ना पिकं जुळवून घेऊ शकतात, ना जंगलं. याला टर्मिनेशन शॉक म्हणतात, आणि त्यावर इतकं लिहून झालं आहे की मी इथे थांबत नाही.

मान्सूनकडे येतो.

या विषयात सरासरी तापमानाइतका फसवा आकडा दुसरा नाही. समजा हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि वर नेमका इतकाच पडदा धरला की पृथ्वीचं सरासरी तापमान होतं तिथेच राहिलं. मग पाऊसही होता तेवढाच पडेल, असं कोणालाही वाटेल. तसं होत नाही, तो कमी होतो. बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेमधले गोविंदस्वामी बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचा हिशेब मांडला. कार्बन डायऑक्साइडमुळे एक अंश तापमान वाढलं तर जगाचा पाऊस साधारण दीड टक्क्यानं वाढतो. तोच एक अंश सूर्यप्रकाश वाढवून आणला तर पाऊस २.४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे एकानं चढवलेलं तापमान दुसऱ्यानं उतरवलं की तापमानाची बाकी शून्य येते, पावसाची मात्र उणे. कारण साधं आहे. सूर्यप्रकाश कापला की जमिनीला आणि समुद्राला पाण्याची वाफ करायला मिळणारी ऊर्जाच कमी होते. कार्बन डायऑक्साइड आपली उष्णता हवेच्या थरात धरतो, त्यामुळे हवा जास्त स्थिर होते आणि वर चढायला कुरकुरते. दोन्ही गोष्टी पावसाच्या विरोधातच जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा मामला आहे. बिघाड झाला उष्णता बाहेर जाण्याच्या वाटेवर आणि दुरुस्ती करायची ती ऊन आत येण्याच्या वाटेवर.

पिनाटुबोनंतरही हे दिसलं होतं. १९९२ मध्ये जगभरात जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांमधून वाहणारं पाणी दोन्ही घटले. मात्र त्याच सुमारास एल निनोही चालू होता, त्यामुळे त्यातला वाटा कोणाचा किती, हे आजही हातचं राखूनच बोलावं लागतं. हा 'हातचा' पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पण खरी गोष्ट जागतिक सरासरीची नाही, कण कुठे सोडता त्याची आहे. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा ज्या गोलार्धात जास्त ऊब असेल त्या बाजूला सरकतो. आपला मान्सून हा त्याच पट्ट्याचा उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात उत्तरेकडे आलेला भाग. आता १५ अंश उत्तरेला कण सोडले तर उत्तर गोलार्ध जास्त थंड होतो, पट्टा दक्षिणेकडे ढळतो आणि भारतातला पाऊस कमी होतो. तेच कण १५ अंश दक्षिणेला सोडले तर मॉडेलमध्ये भारतातला पाऊस उलट वाढतो, आणि दक्षिण गोलार्धातले मान्सूनचे प्रदेश कोरडे पडतात. के. एस. कृष्णमोहन आणि बाला यांच्या २०२२ च्या कामात हे स्पष्ट दिसतं. आर्क्टिकचा बर्फ वाचवायचा म्हणून फक्त उत्तर ध्रुवाकडे फवारणी केली, तरी भारतातला पाऊस घटतो, हेही बंगळूरच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं आहे. आणि हे फक्त संगणकात घडतं असं समजू नका. आफ्रिकेतल्या साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, १९०० ते २०१० या काळातले सर्वांत कोरडे चार उन्हाळे पाहिले, तर त्यातल्या तिघांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठा ज्वालामुखी फुटलेला होता.

म्हणजे फवारणीचा अक्षांश हा एक नळ आहे, आणि तो कोणाच्या हातात राहील हा प्रश्न विज्ञानाच्या बाहेरचा आहे. यावर तोडगा म्हणून अमेरिकेत बोल्डरमधल्या एनसीएआर या हवामान संशोधन संस्थेत ग्लेन्स नावाचा मोठा प्रकल्प झाला. ३० आणि १५ अंश उत्तर, १५ आणि ३० अंश दक्षिण अशा चार ठिकाणांहून फवारणी करायची आणि दर वर्षी परिणाम पाहून प्रत्येक ठिकाणचं प्रमाण कमी-जास्त करायचं. काम उत्तम आहे, मी त्याचा डेटा वापरतो. पण ते वाचताना एका जागी बोट ठेवा. त्या नियंत्रणापुढे तीन लक्ष्यं ठेवली होती: पृथ्वीचं सरासरी तापमान, दोन गोलार्धांच्या तापमानातला फरक, आणि विषुववृत्त ते ध्रुव तापमानाचा उतार. तिन्ही तापमानाचीच. पावसाचं लक्ष्य एकही नाही. यात कोणाचा दुष्टपणा नाही, तापमान आवरायला सोपं आहे म्हणून तसं झालं. पण साठ-सत्तर कोटी लोकांचं पोट ज्या चार महिन्यांवर चालतं, ते महिने लक्ष्यांच्या यादीत आणण्याचं काम बोल्डर किंवा केंब्रिजमध्ये आपसूक होणार नाही. विषय घ्यावा का, याचं माझं उत्तर खरं तर इथेच आहे.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष जातं: फवारणी सुरू केल्यावर तिचा मान्सूनवर काय परिणाम झाला, हे कळणार कसं? भारताचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस ८७ सेंटीमीटर. तो वर्षागणिक सरासरीच्या दहा टक्के इकडे-तिकडे होतो, कुठल्याही मानवी हस्तक्षेपाशिवाय. १९७२ मध्ये तो सुमारे २४ टक्के कमी पडला, २००९ मध्ये २२ टक्के, २०१५ मध्ये १४ टक्के. आता समजा फवारणीमुळे सरासरी पाऊस ५ टक्क्यांनी घटला. ही घट नैसर्गिक चढउतारातून वेगळी ओळखायला किती वर्षं लागतील? कागदाच्या पाठीमागे करता येईल असं गणित आहे. दहा भागिले वर्षांचं वर्गमूळ, ही झाली सरासरीतली अनिश्चितता. पाच टक्के हा तिच्या दुप्पट व्हायला हवा. उत्तर येतं १६ वर्षं. घट ३ टक्के असेल तर ४४ वर्षं. एल निनोसारख्या गोष्टींचा वाटा वजा करून हा काळ थोडा कमी करता येतो, पण दोन-चार वर्षांवर आणता येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ पाहा. कोणीतरी फवारणी सुरू केली आणि तिसऱ्या वर्षी १९७२ सारखा दुष्काळ पडला. तो फवारणीमुळे पडला असं कोणी सिद्ध करू शकणार नाही, आणि नाही पडला असंही नाही. पण बीडमधल्या शेतकऱ्याला किंवा लाहोरमधल्या मंत्र्याला सिद्धतेची गरज नसते. त्या दिवसापासून प्रत्येक दुष्काळाला आणि प्रत्येक पुराला आरोपी मिळेल. नुकसानभरपाई कोण देणार, कोणत्या पुराव्यावर, याचं उत्तर आज कोणत्याही कायद्यात नाही. नुकसानीचा वाटा ठरवण्याच्या पद्धती फवारणी सुरू होण्याआधी तयार हव्यात, आणि तो आपल्यासाठी खराखुरा संशोधनाचा विषय आहे.

मॉडेलच्या जगात आपण हा चढउतार आवरतो तो एकच प्रयोग अनेकदा चालवून. ग्लेन्समध्ये तो २० वेळा चालवला होता, दर वेळी सुरुवातीच्या हवेत नगण्य फरक करून. तुम्ही एका रनवर बेतलेला नकाशा दाखवून 'विदर्भात पाऊस घटेल' असं म्हणालात, तर पहिल्याच सेमिनारमध्ये तुमचं कसं होईल ते सांगत नाही.

आपल्याला या सगळ्याचा एक अनुभव आधीच आहे, हे मात्र फारसं बोललं जात नाही. १९५१ ते २०१५ या काळात भारतातला मान्सूनचा पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला, विशेषतः गंगेच्या मैदानात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात हा आकडा आहे, आणि आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांनीच तो संपादित केला. जग तापत असताना पाऊस वाढायला हवा होता, तो घटला. याचं एक मोठं कारण म्हणजे उत्तर गोलार्धातल्या, आपल्याही, कारखान्यांचा आणि चुलींचा धूर. सल्फेटच्या कणांनी ऊन अडवलं, जमीन समुद्राच्या तुलनेत कमी तापली, मान्सूनचा जोर कमी झाला. हे कण खालच्या हवेतले, पसरलेलेही असमान, त्यामुळे स्ट्रॅटोस्फिअरच्या पडद्याशी थेट तुलना चुकीची ठरेल. पण 'कण सोडले तर मान्सूनला काय होईल कोण जाणे' असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की पासष्ट वर्षांची नोंद आपल्याजवळ आहे, आधी ती नीट वाचूया. उलट्या दिशेचाही एक प्रयोग नुकताच झाला. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली, आणि जहाजांच्या मार्गांवरचे उजळ ढगांचे पट्टे विरळ झाले. लोकांच्या फुप्फुसांसाठी निर्णय योग्यच होता. पण थोडा पडदा काढल्यावर काय होतं हे मोजायची संधी आयती मिळाली, आणि त्यावर अजून वाद चालू आहेत.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. तुलना आजच्या जगाशी करू नका, पडदा नसलेल्या तापलेल्या जगाशी करा. ते जग काही सुखाचं नाही. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असं आयआयटीएमच्या रॉक्सी कोल यांच्या गटानं दाखवलं आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल मी वेगळं काय सांगू. अत्युष्ण दिवस आणि तीव्र पाऊस, दोन्ही पडद्याखाली कमी होतात, हे बहुतेक मॉडेलं सांगतात. उन्हात बांधकामावर राबणाऱ्या माणसासाठी तो दिलासा खरा आहे. शेतीचा हिशेब मात्र सरळ नाही. एल चिचोन आणि पिनाटुबो या ज्वालामुखींनंतरच्या पिकांच्या आकडेवारीवरून २०१८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की थंडाव्यानं उत्पादनात जो फायदा होईल, तो कमी झालेल्या उन्हानं जवळजवळ खाऊन टाकला जाईल.

आता प्रयोगशाळेबाहेरचे प्रयोग. वर्तमानपत्रात येतं ते एवढंच, आणि तुमच्या सहकाऱ्यांची भीतीही बहुधा यांचीच असावी. इंग्लंडमध्ये स्पाइस नावाच्या प्रकल्पात एक किलोमीटर लांब नळी फुग्याला बांधून नुसतं पाणी फवारायचं होतं. पेटंटवरून हितसंबंधांचा प्रश्न उभा राहिला आणि २०१२ मध्ये तो गुंडाळला गेला. हार्वर्डच्या स्कोपेक्स प्रकल्पाचा फुगा २०२१ मध्ये स्वीडनच्या किरुनाहून उडणार होता. त्या उड्डाणात एक कणही सोडायचा नव्हता, फक्त यंत्रं तपासायची होती. तिथल्या सामी या आदिवासी समाजाच्या परिषदेनं विचारलं की आमच्या आकाशात प्रयोग करताना आम्हाला विचारलं का नाही. उड्डाण रद्द झालं, २०२४ मध्ये प्रकल्पच बंद झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अलामिडा शहरात एका जुन्या युद्धनौकेच्या डेकवरून समुद्राच्या पाण्याचा फवारा मारण्याचा प्रयोग सुरू झाला. शहराला त्याचा पत्ता बातमीतून लागला, आणि नगर परिषदेनं तो थांबवला. फवारा निरुपद्रवी होता, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज काय होती? मेक्सिकोत एका अमेरिकी स्टार्टअपनं परवानगीशिवाय गंधकाचे फुगे सोडले आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं बंदीच जाहीर केली.

हाच धडा आपल्याकडे त्याआधी गिरवून झाला होता, गोव्यात. २००९ मध्ये दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगनर संस्थेनं मिळून लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला. दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडून शैवाल वाढतं का आणि त्याबरोबर कार्बन तळाशी जातो का, हे पाहायचं होतं. हे ऊन थोपवणं नव्हे, पण भू-अभियांत्रिकीचंच दुसरं अंग. जहाज समुद्रात असताना जर्मनीतच दोन मंत्रालयांची जुंपली आणि काम काही काळ थांबवावं लागलं. परवानगी मिळाल्यावर निष्कर्ष निघाला तो असा: शैवाल वाढलं, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्यानं जड कवचाचे डायटम फोफावले नाहीत. जे वाढलं ते बारीक जीवांनी खाऊन टाकलं, आणि तळाशी फारच थोडा कार्बन गेला. मला हा प्रयोग आदर्श वाटतो. त्यानं एका आवडत्या कल्पनेची हवा काढली, आणि निकाल लपवला नाही.

माझं मत विचाराल तर स्ट्रॅटोस्फिअरच्या फवारणीसाठी आज बाहेरच्या प्रयोगांची मला फार घाई दिसत नाही. शंभर किलो कण सोडून थेंब किती मोठे होतात, ओझोनशी काय रसायन घडतं, हे कळेल. उपयोगी आहे. पण मान्सूनचं काय होईल हे त्यातून कधीच कळणार नाही. ते कळायला पूर्ण प्रमाणात आणि कित्येक वर्षं फवारणी करावी लागेल, आणि त्याला प्रयोग म्हणता येणार नाही. त्यामुळे 'आधी छोटा प्रयोग करू, मग ठरवू' हे वाक्य मला पटत नाही. ज्या प्रश्नावर ठरवायचं तो छोट्या प्रयोगात येतच नाही.

संशोधनाच्या विरोधातले युक्तिवाद तुम्ही ऐकले असतील. पडदा मिळणार म्हटल्यावर कोळसा जाळणारे निवांत होतील, हा त्यातला सर्वांत वजनदार. मी तो हसण्यावारी नेत नाही. वापर नकोच असा करार करावा, असं खुलं पत्र २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी काढलं, त्यातली राजकारणाबद्दलची बरीच काळजी मला मान्य आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१० मध्ये नागोयाला जैवविविधता करारात छोटे शास्त्रीय अभ्यास वगळून बाकीच्यांना थोपवणारा ठराव झाला, पण तो बंधनकारक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये स्वित्झर्लंडनं विषय मांडला, दोन्ही वेळा एकमत झालं नाही. दरम्यान पैसा थांबलेला नाही. ब्रिटनच्या आरिया या सरकारी संस्थेनं २०२५ मध्ये ५.७ कोटी पाउंडांच्या आसपास रक्कम या कामाला दिली, त्यात बाहेरचे छोटे प्रयोगही आहेत. खासगी कंपन्या स्वतःच्या गुप्त कणांवर भांडवल गोळा करत आहेत. दुसरीकडे टेनेसी आणि फ्लोरिडा ही अमेरिकी राज्यं बंदीचे कायदे करतात, त्यामागे बराचसा जोर विमानांच्या धुरातून विष फवारलं जातं या अफवेचा. अशा गोंधळात मान्सूनच्या देशातले संशोधक 'आम्ही शिवणार नाही' म्हणून बाजूला बसले, तर काम थांबत नाही. फक्त आपले आकडे दुसरं कोणीतरी मांडतं.

एक अट मात्र मी स्वतःला घालून घेतली आहे, तुम्हीही घाला: पेटंट नाही, गुप्त डेटा नाही, आणि ज्याला फवारणी विकायची आहे त्याचा पैसा नाही.

भारतात कुठे? बंगळूरचा बालांचा गट जुना आणि भक्कम आहे. खुद्द बालांचा या विषयावरचा पहिला पेपर २००० सालचा. विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २०१७ मध्ये विकसनशील देशांवरच्या परिणामांच्या अभ्यासाला निधी दिला. पुण्यात आयआयटीएमचं स्वतःचं अर्थ सिस्टिम मॉडेल, म्हणजे हवा, समुद्र, जमीन एकत्र धरणारं पृथ्वीचं मॉडेल आहे, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालासाठीच्या मॉडेलांच्या तुलनेत भाग घेतलेलं पहिलं भारतीय मॉडेल. डिग्रीज इनिशिएटिव्ह ही संस्था विकसनशील देशांतल्या संशोधकांना छोटी अनुदानं देते. आणि मोजमापाची बाजू विसरू नका. हैदराबादला टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, फुगे सोडण्याचं केंद्र आहे, तिथून आणि वाराणसी, आंध्रातल्या गडंकीहून इस्रो आणि नासानं मिळून मान्सूनच्या वर साचणाऱ्या कणांच्या थराची मोजणी केली आहे. स्ट्रॅटोस्फिअर आज कसा आहे याची आपली स्वतःची नोंद असली, तरच उद्या कोणी त्यात काही सोडलं तर ते आपल्याला कळेल. २०२३ मध्ये अमेरिकी विमानांच्या मोजणीत तिथल्या गंधकाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्क्यांत जळून पडलेल्या उपग्रहांचे धातू सापडले. इतका बदल घडून गेला, तरी तो मोजेपर्यंत कोणाला माहीत नव्हता.

विषय घ्यायचाच असेल तर सुरुवात फवारणीपासून करू नका, मॉडेलच्या नेहमीच्या पावसापासून करा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला हजाराच्याही आत. १०० किलोमीटरच्या चौकोनात हे दोन्ही एकच होऊन जातात, आणि बऱ्याच मॉडेलांत मध्य भारत मुळातच कोरडा पडतो. जे मॉडेल आजचा पाऊस चुकवतं, त्यानं सांगितलेली उद्याची पाच टक्के घट कितपत धरायची, हे आधी ठरवावं लागतं. हंगामाच्या बेरजेवरही थांबू नका. मराठवाड्यातलं सोयाबीन बेरजेवर मरत नाही, ऑगस्टमधल्या तीन आठवड्यांच्या खंडानं मरतं. मान्सून कधी आला, किती दिवस उघडीप राहिली, रात्रीचं तापमान किती उतरलं, ही मापं घ्या. पडद्याखाली खंड वाढतात की कमी होतात यावर मला आजवर समाधानकारक काम दिसलेलं नाही.

जिओमिप या भू-अभियांत्रिकीच्या मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय तुलनेतला जी-सिक्स सल्फर हा प्रयोग यासाठी बरा. त्यात जास्त उत्सर्जनाच्या मार्गावरचं जग गंधकाच्या फवारणीनं २१०० पर्यंत मध्यम उत्सर्जनाच्या तापमानावर आणलं आहे. म्हणजे फवारणीचं जग, मध्यम उत्सर्जनाचं जग आणि पडदा नसलेलं जग, अशी तिन्ही जगं शेजारी ठेवून पाहता येतात. मॉडेलं जेमतेम अर्धा डझन आहेत, डेटा फुकट उतरवता येतो. खंड मोजायला दैनंदिन पाऊस लागतो, मासिक सरासरी चालत नाही, तेव्हा गाइडशी बोलायला जाण्याआधी कोणत्या मॉडेलच्या, किती रनच्या दैनंदिन फायली मिळतात त्याची यादी करून सोबत न्या.